पोलीस, लष्कर आणि दुभंगलेला समाज

(संस्थेच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. बँकेत कारकुनी करणारा, कला शाखेचा एक साधा पदवीधर आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने त्यांच्यावर गोळीबार केला आणि 10 जणांचे प्राण गेले. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. ज्यांनी रक्षण करायचे तेच एखाद्या वस्तीला शत्रूचे ठाणे समजू लागले, तर त्या वस्तीने दाद कोणाकडे मागायची?

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते : पोलीस पक्षपाती आहेत, लष्कर बोलवा. 1992-93 च्या मुंबई दंगलीतही हीच मागणी झाली होती. ती मागणी निराधार नव्हती. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने आपल्या अहवालात पोलिसांच्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहावर स्पष्ट बोट ठेवले आहे. पण लष्कर आल्याने दुखणे बरे होते काय? दोन देशांचा अनुभव आज आपल्यापुढे ठेवतो. एक उत्तर आयर्लंडचा आणि दुसरा श्रीलंकेचा.

उत्तर आयर्लंड 1921 साली वेगळा झाला. तेथे प्रॉटेस्टंट बहुसंख्य होते आणि कॅथॉलिक साधारण एक तृतीयांश. रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी हे तेथील पोलीस दल मुख्यतः प्रॉटेस्टंटांचे होते आणि 'बी स्पेशल्स' हे राखीव दल तर जवळजवळ पूर्णपणे त्यांचेच. डेरी शहरात कॅथॉलिक बहुसंख्य असूनही प्रभागांची आखणी अशी केलेली होती, की नगरपालिका दुसऱ्यांच्याच हाती राहावी. घरवाटपातही तोच प्रकार. 1968 साली कॅलिडॉन गावात गरजू कॅथॉलिक कुटुंबे ताटकळत असताना 19 वर्षांच्या एका अविवाहित प्रॉटेस्टंट तरुणीला घर मिळाले आणि असंतोषाला तोंड फुटले. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या चळवळीकडून स्फूर्ती घेऊन तेथे नागरी हक्क चळवळ उभी राहिली होती. 5 ऑक्टोबर 1968 रोजी डेरीतील तिच्या मोर्चावर पोलिसांनी बेदम लाठीमार केला. ऑगस्ट 1969 मध्ये बॉगसाइड या कॅथॉलिक वस्तीत पोलीस आणि रहिवासी यांच्यात तीन दिवस लढाई जुंपली आणि 14 ऑगस्टला ब्रिटिश लष्कर रस्त्यावर उतरले.

पुढची गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या सैनिकांना कॅथॉलिक बायाबापड्यांनी चहा दिला. "आता पोलिसांपासून सुटलो" असे त्यांना वाटले. परंतु लष्कर ज्या सरकारच्या मदतीला आले होते, ते सरकार बहुसंख्याकांचेच होते. जुलै 1970 मध्ये बेलफास्टच्या फॉल्स भागात संचारबंदी लावून घरोघर झडत्या घेतल्या. ऑगस्ट 1971 मध्ये विनाचौकशी स्थानबद्धता सुरू झाली आणि पहिल्या धरपकडीत 342 जण उचलले गेले, ते जवळजवळ सगळे कॅथॉलिक. 30 जानेवारी 1972 रोजी डेरीत नागरी हक्कांच्या मोर्चावर पॅराशूट रेजिमेंटने गोळ्या झाडल्या. 13 जण त्याच दिवशी मेले, एक जखमी नंतर वारला. पहिल्या चौकशीने सैनिकांना बव्हंशी निर्दोष ठरवले. दुसऱ्या चौकशीचा अहवाल येऊन पंतप्रधानांनी माफी मागायला 2010 साल उजाडले. जे लष्कर तात्पुरते म्हणून आले होते, त्याची ती मोहीम 31 जुलै 2007 ला संपली. तब्बल 38 वर्षे! मधल्या काळात सर्व बाजूंचे मिळून साडेतीन हजारांवर लोक मेले. सशस्त्र गटांनी केलेल्या हत्या त्यात सर्वांत अधिक, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता श्रीलंकेकडे वळू. बंधुभगिनींनो, हा भाग बोलताना मला यातना होतात, कारण तो आपल्या धम्माचा देश आहे. 1950 साली बाबासाहेब तेथे जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. पण 1956 च्या कायद्याने सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरली आणि तमिळ माणूस आपल्याच देशात परका झाला. 1957 साली पंतप्रधान भंडारनायके यांनी तमिळ नेत्यांशी करार केला. भिक्खूंच्या विरोधामुळे 1958 साली त्यांनी तो मोडला, आणि 1959 साली त्यांचा खून झाला तो एका भिक्खूच्याच हातून. 1961 साली तमिळांचा सत्याग्रह मोडायला जाफन्यात लष्कर पाठवण्यात आले. पोलीस दलात सिंहलींचेच वर्चस्व होते. 1981 च्या मे अखेरीस पोलिसांवर हल्ला झाला, तेव्हा पोलिसांनीच जाफन्यात जाळपोळ केली आणि त्यात तेथील ग्रंथालय भस्मसात झाले. सुमारे 97 हजार ग्रंथ आणि हस्तलिखिते! ज्या बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी घर बांधले, त्यांच्या अनुयायांना या आगीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. जुलै 1983 मध्ये जाफन्यात 13 सैनिक मारले गेल्यावर कोलंबोत तमिळांची कत्तल झाली आणि यादवी पेटली.

29 जुलै 1987 च्या करारानुसार भारताची शांतिसेना तेथे गेली. जाफन्यातील तमिळांनी तिचे हारतुऱ्यांनी स्वागत केले. तीनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, शांतिसेना आणि लिट्टे यांच्यात युद्ध पेटले. जाफन्याच्या इस्पितळात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण गोळ्यांना बळी पडले. मार्च 1990 मध्ये शांतिसेना परतली, तेव्हा सुमारे 1200 भारतीय जवान कामी आले होते. 1991 साली लिट्टेने राजीव गांधींची हत्या केली. ते युद्ध 2009 साली संपले. पण 1987 च्या करारानंतर प्रांतांना पोलीस अधिकार देण्याची जी घटनादुरुस्ती झाली, तिची अंमलबजावणी अद्याप झालेली नाही.

दोन्ही देशांत फरक आहेत. एकीकडे सरकारचेच लष्कर आले, दुसरीकडे शेजाऱ्याचे. पण साम्य डोळ्यांत भरते. लष्कर येते तेव्हा त्याच्या खात्यावर लोकांच्या विश्वासाची मोठी रक्कम जमा असते. झडती, संचारबंदी, गोळीबार अशी रक्कम काढत काढत ते खाते रिकामे होते. सैनिक वाईट असतो असे मी म्हणत नाही. त्याचे शिक्षणच निराळे. 1992 च्या लॉस एंजेलिस दंगलीत पोलिसांबरोबर मरीन सैनिक एका घरी गेले. पोलीस ओरडले, "कव्हर करा!" पोलिसांच्या भाषेत त्याचा अर्थ बंदूक रोखून धरा. सैनिकांच्या भाषेत त्याचा अर्थ गोळ्यांचा मारा करा. दोनशेहून अधिक गोळ्या त्या घरावर सुटल्या. आत मुले होती. कोणी मेले नाही, हे नशीब. शब्द एकच, पण पोलिसाला समोर नागरिक दिसायला हवा आणि सैनिकाला शत्रू ओळखायला शिकवलेले असते.

मग उपाय काय? उत्तर आयर्लंडने तो उशिरा का होईना शोधला. 1998 च्या करारानंतर पॅटन आयोग बसला. 1999 साली त्याने 175 शिफारशी केल्या. तेव्हा त्या पोलीस दलात कॅथॉलिक फक्त 8 टक्के होते. 2001 साली दलाचे नाव बदलले, चिन्ह बदलले आणि दहा वर्षे निम्मी भरती कॅथॉलिकांमधून झाली. त्यांचे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास गेले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी पोलिसांबाहेरचा स्वतंत्र लोकपाल आणि देखरेखीला सर्व पक्षांचे मंडळ आले. म्हणजे आरक्षण आणि जबाबदेही! आपल्या देशात ज्या शब्दाला नाके मुरडली जातात, त्यानेच तेथे पोलिसाला वस्तीत पाऊल टाकता आले. सगळे आलबेल झाले असे नव्हे, पण पूर्वीचे दिवस राहिले नाहीत.

लष्कर आग विझवू शकते. कधी कधी त्याला बोलवावेच लागते. परंतु आग विझल्यावर ते परत गेले पाहिजे आणि घर का पेटले याचा शोध राजकारणाने, कायद्याने घेतला पाहिजे. सामाजिक आणि आर्थिक विषमता राहिली तर राजकीय लोकशाही धोक्यात येईल, हा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 लाच दिला होता. रमाबाई नगरच्या गोळीबाराबद्दल एका पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते 2009 साली. बारा वर्षे लागली, पण लोकांनी कायद्याची वाट सोडली नाही.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी दोन गोष्टी. पहिली, पोलीस भरतीला जरूर उतरा, अधिकारी व्हा. दुसरी अधिक अवघड आहे. श्रीलंकेत ज्यांनी जाळले, त्यांच्यातही तथागताला वंदन करणारे होते. धम्माचे नाव घेतल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. उद्या तुमच्या अंगावर वर्दी चढेल आणि समोर दुसऱ्या कोणाची तरी वस्ती असेल. त्या वस्तीतल्या म्हातारीला तुमच्याकडे दाद मागावीशी वाटली, तर रमाबाई नगर तुम्हाला समजले असे मी म्हणेन.

जयभीम. नमो बुद्धाय.