घरी न्या, सेवा करा

(तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ऊसतोडीचा हंगाम संपून पट्टा पडलाय, कारखान्यावर गेलेली माणसं गावी आलीत, म्हणून आज मांडव असा भरलेला दिसतोय. मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, जोडीदाराचं दुखणं आता बरं होणार नाही हे कळल्यावर त्याच्याजवळ कसं राहायचं, यावर बोलते. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी केली. या विषयावर वॉर्डाच्या दाराशी पुष्कळ बोलले, मांडवात कधी बोलायला मिळालं नव्हतं.

संभाजीनगर, बार्शी, अंबाजोगाई, कुठूनही पेशंट परत निघतो तेव्हा नातेवाइकांच्या कानावर एक वाक्य पडतं. "आता घरी न्या, सेवा करा." पुढं काय, ते घरच्यांना कळत नाही. सगळे मिळून ठरवतात की पेशंटला सांगायचं नाही. "साधी गाठ आहे, गोळ्यांनी जिरेल," असं म्हणत राहतात. पेशंटला सगळं कळलेलं असतं, पण बायकोला त्रास नको म्हणून तोही बोलत नाही. मालक भिंतीकडं तोंड करून पडलेला, मालकीण चुलीपुढं डोळे पुसतेय, आणि दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवताहेत. ज्या दिवसांत बोलायला हवं, तेच दिवस असे मुक्यानं जातात.

दीडशे वर्षांच्या आतलं एक घर मी तुमच्यापुढं ठेवणार आहे. पुण्याच्या गंजपेठेतलं, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं. त्यांची शाळा तुम्हाला माहीत आहे, हौद माहीत आहे. त्यांचं आजारपण आपण वाचून पुढं जातो. मला तिथंच थांबायचंय.

मे १८८८ मध्ये मुंबईला, मांडवीच्या कोळीवाड्यात, लोकांनी जोतीरावांना 'महात्मा' म्हटलं. दोन महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले हे त्यांचे स्नेही आणि सत्यशोधक सहकारी. त्यांनी उपचार केले. पण त्या काळी लकव्यावर औषध ते किती असणार? पुढची दोन वर्षं चार महिने त्या घराला अंथरुणाभोवतीच काढायची होती. सावित्रीबाई तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या.

त्या काय काय करत असतील, ते मी माझ्या कामावरून सांगू शकते. अंग गेलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर कातडी लाल होते आणि चार दिवसांत तिथं जखम पडते. पेज भरवायची तर आधी पाठीला आधार देऊन नीट बसवायचं, घास चांगल्या बाजूनं द्यायचा, गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. ठसका लागला की थांबायचं. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न फुप्फुसात जातं. ओली चादर लगेच बदलायची. हे सगळं करताना त्याची लाज झाकायची, म्हणजे दार लोटून घ्यायचं आणि दुसऱ्यांसमोर त्याविषयी बोलायचं नाही. 'सेवा करा' म्हणतात त्यात इतकं सगळं येतं, आणि यातलं काहीच आपोआप येत नाही. माया असते, पण हात शिकवावे लागतात. गेवराईच्या सरकारी दवाखान्यात जाऊन सिस्टरला विचारा, "मला दाखवा." आशाताईला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि त्या अंथरुणावर जोतीरावांनी काय केलं? उजवा हात गेला तर डाव्या हातानं लिहायला घेतलं. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा त्यांचा शेवटचा ग्रंथ तसा लिहिलेला आहे. डाव्या हातानं लिहून बघा कधी. उजवा हात कागद धरायलाही उपयोगी नाही, असं समजून लिहून बघा. माणसाला उठवून बसवायचं, दौत हाताशी ठेवायची, थकला की झोपवायचं, हे घरातल्या माणसांनाच करावं लागतं. त्या पुस्तकावर नाव एकाचं आहे. मी ते हातात घेते तेव्हा मला त्यामागचं सगळं घर दिसतं.

त्याच आजारपणात, ४ फेब्रुवारी १८८९ ला, त्यांनी आपल्या दत्तक मुलाचं, यशवंताचं, लग्न लावलं. सत्यशोधक पद्धतीनं, ग्यानोबा ससाण्यांच्या मुलीशी. घरात एवढं दुखणं असताना मांडव घातला. आपण म्हणतो, आशा सोडू नका, आणि मनात एकच आशा धरतो, की हे उठून चालायला लागतील. ती धरावी, डॉक्टर धरा म्हणत असतील तोवर धरावी. ती संपते तेव्हा माणसं सगळीच आशा सोडतात, आणि मला हे पटत नाही. फुल्यांच्या घरात पुस्तक पुरं होण्याची आशा होती, सून घरात येण्याची होती. तुमच्या घरात वेगळी असेल. ठिबक बसवून व्हावं, रुसलेल्या भावानं एकदा येऊन जावं, आज रात्रभर झोप लागावी. त्याला विचारा, "तुम्हाला काय बघायचंय?" विचारायचं तर आधी खरं बोलावं लागतं. लपवाछपवी चालू असेल तर हा प्रश्न तोंडातून निघूच शकत नाही.

झोपेवरून दुखण्याकडं येते. कॅन्सरच्या शेवटच्या काळात वेदना असह्य होतात आणि घरचे म्हणतात, "भोग आहेत." कृपा करून असं म्हणू नका. मॉर्फिनची गोळी आहे. ती अफूपासून येते म्हणून लोक घाबरतात, सवय लागेल म्हणतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली, वेळेवर, दुखणं उसळायच्या आधी द्यायची असते. साधी गोळी दर चार तासांनी. बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध सोबत मागून घ्यायचं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या अटींमुळे ती ठेवायला दवाखाने कचरायचे. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. दुखणं असं आवरून माणसाला सांभाळण्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांना सांभाळतंय, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. आपल्याला ती दूर पडतात, खरं आहे. म्हणून बीडच्या जिल्हा रुग्णालयात या शब्दानं चौकशी करा. दुखणं थांबलेला माणूस बोलतो, हसतो, नातवाला जवळ घेतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

पैशाचंही बोलायला हवं. जोतीराव म्हणजे बांधकामाची कंत्राटं घेतलेला माणूस, पण आजारपणात घर ओढगस्तीला आलं. १८९० मध्ये मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून त्यांच्यासाठी मदत मागितली. आज दवाखान्यात तुम्ही ज्या योजनेची चौकशी करता, तिला २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांचं नाव आहे. ज्याच्या स्वतःच्या दुखण्याला पैसा पुरला नाही, त्याच्या नावावर गरिबाचं ऑपरेशन होतं. मला हे नाव फार योग्य वाटतं.

आता पुरुषांना एक सांगायचंय. बाप्या आजारी पडला तर बाई उशाशी बसते. बाई आजारी पडली तर? पुष्कळ घरांत तिला माहेरी धाडतात. सावित्रीबाईसुद्धा १८५६ मध्ये आजारपणात माहेरी, नायगावला होत्या. पण तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र वाचा. आजारात भावानं केलेली सेवा त्यात आहे, आणि शाळेच्या कामाचीही काळजी आहे. त्या बऱ्या होऊन परत कामावर येण्यासाठी गेल्या होत्या. ओझं नको म्हणून पोचवून दिलेल्या बाईची गोष्ट निराळी. तिला शेवटी आपलं घर, आपला उंबरा, आपली माणसं हवी असतात. पुरुषाला अंग पुसता येतं, भात मऊ शिजवता येतो, वेणी घालता येते. वॉर्डात बायकोची वेणी घालणारा एक ऊसतोड कामगार मी पाहिला. तीन पेड त्याला नीट जमेनात, पुन्हा सोडायचा, पुन्हा घालायचा. ती बाई त्या दिवशी पोटभर जेवली.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं, यावरून भाऊबंदांनी वाद घातला. यशवंत दत्तक म्हणून त्याचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या, त्यांनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं आणि अग्नीही दिला. पन्नास वर्षांचा संसार होता तो. पुढच्याच वर्षी ते पुस्तक यशवंतानं छापलं, आणि १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या बसल्या होत्या.

आणि आपल्याकडं, एक जण आजारी पडला तर दुसऱ्या जोडीदाराचं काय होतं? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर एकत्र घेतलेली असते. एक जण अंथरुणाला खिळला की कोयता मोडतो, उचल तशीच राहते. मग जो बरा आहे तो जोडीदाराला कोपीत निजवून फडात जातो, नाहीतर गावी म्हाताऱ्या आईवर सोपवून अर्ध्या कोयत्यावर जातो. त्यानं उशाशी बसायचं कधी?

या मांडवात मुकादम बसलेत, काही जण मला ओळखतात. पुढच्या हंगामाच्या उचली आता वाटल्या जातील. माझं तुमच्याकडं मागणं आहे, की ज्या घरात असं दुखणं निघालंय, त्या घराची उचल या साली वसूल करू नका, आणि त्या जोडीदाराला टोळीत ओढू नका. कारखान्याशी बोलायचं असेल तर मी सोबत येईन. सरपंचांनी अशा घरांची यादी करावी, आशाताईंना ती तोंडपाठ असते. आणि रात्रीची एक पाळी शेजाऱ्यांनी आळीपाळीनं घ्यावी, म्हणजे सेवा करणारालाही चार तास निजता येईल. ज्यांची तयारी आहे त्यांनी सभा संपल्यावर इथंच थांबावं, आपण नावं लिहून घेऊ.