पाण्याला जागा ठेवणारी बाग



भाद्रपद उतरणीला लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात तलावांचं पाणी पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, खांद्याशी येऊन टेकतं. जिथं ज्येष्ठात गुरं चरत होती, पोरं क्रिकेट खेळत होती, ती जमीन आता पाण्याखाली असते. अशा तलावाच्या काठी नगरपंचायतीनं लोकांसाठी बाग करायची ठरवली, तर पहिला प्रश्न हाच येतो, की काठ कोणता धरायचा? ज्येष्ठातला की भाद्रपदातला?

शहरांनी बहुतेक वेळा ज्येष्ठातला धरला. पाणी आटलेलं असतं तेव्हा मोजणी होते, सिमेंटची भिंत उभी राहते, फरशा बसतात, दिव्यांचे खांब लागतात. पुढं पाऊस येतो आणि आपली जुनी जागा मागतो.

नागपूरकरांनी हे 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे पाहिलं. अवघ्या काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि लोक झोपेत असताना अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट या वस्त्यांमधल्या घरांत पाणी शिरलं. माणसं दगावली. तलावाच्या सांडव्यासमोरचं बांधकाम आणि नदीचं आक्रसलेलं पात्र, हे प्रश्न पुढं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. ज्या अंबाझरीच्या काठी नागपूरच्या कित्येक पिढ्या सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन गेल्या, त्याच तलावाची ही गोष्ट आहे. पाण्याच्या वाटेत उभं केलेलं काहीही, मग ते कितीही देखणं असो, पाणी त्याला अडथळाच मानतं.

आता पाऊस पूर्वीसारखा पडत नाही, हे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या धान उत्पादकाला कुणी सांगायला नको. धानाचे पऱ्हे वाळायला लागतात तरी आभाळ कोरडं, आणि मग एका रात्रीत बांध्या फुटतात. वर विदर्भाचा उन्हाळा. म्हणजे पाण्याकाठच्या बागेला आता दोन कामं करावी लागणार. पावसाळ्यात चार दिवस पाणी पोटात घ्यायचं आणि वैशाखात माणसाला सावली द्यायची.

हे काम जमतं. सिंगापूरमध्ये कल्लांग नदीचा 2.7 किलोमीटर लांबीचा भाग सिमेंटच्या सरळ कालव्यात कोंडलेला होता. तो कालवा फोडून 2012 पर्यंत तिथं वळणं घेत वाहणारी, सुमारे 3 किलोमीटर लांबीची नदी आणि 62 हेक्टरचं बिशान उद्यान तयार झालं. एरवी मुलं पाण्यात पाय सोडून बसतात. मोठा पाऊस झाला की नदी हिरवळीवर पसरते, लोक वर सरकतात, आणि पाणी ओसरलं की बाग पुन्हा त्यांची होते. सावलीचं म्हणाल, तर आपल्या महाराष्ट्रातही मुंबईत, धारावीला लागून मिठी नदीच्या काठी, 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. 1994 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आज जिथं दाट सावली आहे, तिथं आधी शहराच्या कचऱ्याचे ढीग होते.

पण सिंगापूरचं कशाला, पाण्याला जागा देण्याचं हे ज्ञान गोंदिया-भंडाऱ्याच्या मातीतच आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं इथं तलाव बांधले. पूर्व विदर्भात असे हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. त्यांची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. तलावाला पाळ असते ती उताराच्या अंगाला. समोरची बाजू मोकळी, हळूहळू चढत जाणारी. पाणी वाढलं की तिकडं पसरतं, आटलं की मागं येतं. शेताला पाणी सोडायला तुडूम आणि जास्तीचं पाणी काढून द्यायला सांडवा. बांधणाऱ्यांनी पाण्याला येण्याजाण्याची जागा आधी दिली आणि मग आपली शेतं आखली.

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारकडे आले आणि गावाचा हात त्यांच्यावरून हळूहळू निघाला. गाळ साचला, बेशरम नावाची तणासारखी वनस्पती माजली. अर्जुनी मोरगाव भागातल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बायाबापड्यांनी भंडाऱ्याच्या मनीष राजनकरांसारख्या अभ्यासकांच्या सोबतीनं काही तलावांतली बेशरम उपटली आणि मासे ज्यांच्या आधारानं वाढतात त्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती किती खोल पाण्यात तगते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तलावाकाठी बाग आखताना आर्किटेक्टच्या शेजारी या माणसांची खुर्ची हवीच.

मग अशी बाग दिसेल कशी? पाण्यालगत भिंत नको, गवताचा उतार हवा. पाणथळीत देवधान आणि कमळ, त्याच्या वर अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर, म्हणजे पाय भिजले तरी न कुजणारी झाडं. पायवाट मुरमाची. दिवे, मुलांची खेळणी, स्वच्छतागृह हे सगळं पुराच्या खुणेच्या वर. सांडव्यासमोर काहीही नाही, एक बाकडंसुद्धा नाही. ढिवरांच्या डोंग्यांना उतरायची वाट आणि गुरांना पाणी पाजायची जागा मात्र राखलेली. सालेकसा तालुक्यातल्याच हाजरा धबधब्यावर वनविभाग आणि गावातले तरुण मिळून पर्यटकांची व्यवस्था पाहतात. तलावाकाठची बागही तशीच गावच्या हाती राहू शकते.

श्रोतेहो, या कामाला निधी येईल तेव्हा येईल. एक काम मात्र याच पावसाळ्यात, बिनखर्चाचं करता येतं. तुमच्या तलावाचं पाणी सगळ्यात वर चढेल त्या दिवशी चार म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन काठाकाठानं चाला आणि जिथं पाणी टेकलं असेल तिथं तिथं खुंट्या ठोका. त्याहून मोठा पूर त्यांनी कधी पाहिला असेल, तर ती जागाही विचारून घ्या. बागेचा नकाशा काढायला कुणी आलं, की आधी त्यांना त्या खुंट्या दाखवा.