चुन्याच्या नक्षीवरील जुना रंग
(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



मी तहसील कचेरीतला एक कारकून. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. माझे काम कागद लिहिण्याचे, भाषण करण्याचे नव्हे. परंतु गेला महिनाभर पारावर एकच प्रश्न कानी येतो : "रंगासाठी वर्गणी दिली, मग सभामंडपाच्या महिरपी पांढऱ्या का?" समितीचे म्हणणे पडले की, तुम्ही स्वतःच्या घरात हेच काम केले आहे, तेव्हा खुलासा तुम्हीच करा. म्हणून आमच्या घराचीच हकीकत सांगतो.

आमच्या पणजोबांच्या घराच्या ओसरीवर पाच कोनाडे आहेत. प्रत्येकाभोवती चुन्याच्या गिलाव्यातली महिरप, वर वेलबुट्टी आणि दोन्ही अंगांस एकेक मोर. लहानपणी हे मोर आहेत हे आम्हा भावंडांना ठाऊकच नव्हते. आम्ही त्यांना 'बटाटे' म्हणत असू. घरात लग्न निघाले की ओसरीला ऑइलपेंटचा हात. आत्याच्या लग्नात हिरवा, वडिलांच्या लग्नात गुलाबी, माझ्या लग्नात पुन्हा हिरवा. आमच्या कचेरीत फेरफार एकाखाली एक चढत जातात, तसे हे रंग एकावर एक चढले, आणि मूळ नोंद कोणाला दिसेना.

पहिल्या उन्हाळ्यात मी उत्साहाने तारेचा ब्रश घेतला. रंग निघाला, त्याबरोबर मोराची चोचही निघाली. आई म्हणाली, "अरे, आता तो खराच बटाटा झाला." मग एका रंगाऱ्याने कॉस्टिक सोडा लावायला सांगितले. दहा मिनिटांत रंग लोण्यासारखा सुटला. मी खूष. परंतु तो सोडा गिलाव्यात मुरतो आणि कितीही धुतला तरी पुरता निघत नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या कोनाड्याला लोणा फुटला आणि वेलाची दोन पाने भुगा होऊन खाली आली. दोष रंगाऱ्याचा म्हणत नाही. घाई माझी होती.

त्यानंतर मी एका वृद्ध गवंड्यांना घरी नेले. त्यांनी भिंतीला हात लावून सांगितले ते मी विसरलो नाही. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात ती सोडते. वरून ऑइलपेंट दिला म्हणजे भिंतीला रेनकोट घातल्यासारखे होते. जमिनीतून आणि वरच्या गळतीतून पाणी आत येतच राहते, बाहेर पडायला वाट राहत नाही. मग रंगाला फोड येतात, त्यामागचा गिलावा भुसभुशीत होतो आणि पोपडा पडतो तो नक्षी घेऊनच पडतो. आपण म्हणतो, जुने काम कच्चे होते. जुने काम घाणीत मळलेल्या चुन्याचे. ते शंभर वर्षे टिकले होते.

काम करायचे ते असे. आधी एका कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढीच जागा उघडून थर पाहावेत. आमच्याकडे वर ऑइलपेंट, त्याखाली डिस्टेंपर, त्याखाली चुन्याच्या सफेतीचे हात निघाले. जुना डिस्टेंपर सरसाचा असेल तर कोमट पाण्याच्या स्पंजाने विरघळतो. आणि खाली सफेती असली तर आपले नशीब चांगले, कारण सफेतीची पकड कमी असते. बांबूची चपटी कामटी हळूच सरकवली की वरचा रंग कवचासारखा सुटतो. जेथे ऑइलपेंट थेट गिलाव्यावर बसला होता, तेथे रंग काढण्याच्या औषधाचा जाड लेप, वरून प्लॅस्टिकचा कागद, आणि रंग मऊ झाल्यावर लाकडी पट्टीने उचलणे. हे औषध उग्र असते. खिडक्या उघड्या आणि हातांत रबरी मोजे हवेतच. पानांच्या रेघांत दाताच्या डॉक्टरांकडची जुनी टोकदार हत्यारे फार उपयोगी पडली. ग्राइंडर, काचपेपर आणि ज्योत यांना मात्र सक्त मनाई.

त्याचे आणखी एक कारण, आणि हे आया-बहिणींनी नीट ऐकावे. जुन्या ऑइलपेंटात शिसे असू शकते. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, हा आपल्याकडचा नियम 2016 चा, आणि अंमल 1 नोव्हेंबर 2017 पासून. म्हणजे त्याआधीचा रंग संशयितच धरावा. कोरडा घासला तर ती धूळ पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ती फार बाधते. रंग ओला करूनच खरवडावा, धुळीचा चांगला मास्क लावावा. तोंडाला उपरणे बांधून भागत नाही. खपल्या कागदावर गोळा कराव्यात, अंगणात झाडू नयेत. आणि आमच्या शेजारी घडले तसे रंगवलेले लाकूड बंबात तर मुळीच घालू नये.

एका कोनाड्याला अकरा रविवार लागले. पाच कोनाड्यांना तीन उन्हाळे.

आता मंदिराकडे येतो. महिरपींवर तोच प्रकार होता. एका ठेकेदाराने आठ दिवसांत ग्राइंडर मारून नवा ऑइलपेंट देण्याचा दर दिला होता, आणि तो स्वस्तही होता. समितीने तो नाकारला. आपल्या वर्गणीचा पैसा रंग चढविण्यात नव्हे, रंग उतरविण्याच्या मजुरीत गेला आहे. हिशेब पुस्तिकेत छापला आहे. मूर्तीला व शेंदराला कोणी हात लावलेला नाही.

चांगल्या हेतूने दिलेला थरही पुढे काढावा लागतो. अजिंठ्याची चित्रे जपण्यासाठी निजाम सरकारने 1920 च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनी दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा-काळा पडला आणि पुरातत्त्व खात्याला तो जपून काढावा लागला. पंढरपुरास 2024 साली गाभाऱ्यात नंतर बसविलेल्या फरशा काढून मूळ दगड मोकळा केला. त्याकरिता मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद होते. वारकऱ्यांनी तेवढे दिवस दुरून दर्शन घेतले.

एक उणीव मात्र मान्य करतो. चुन्याचा हात ऑइलपेंटइतके दिवस चकचकीत राहत नाही. काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागेल, तोही ताकासारखा पातळ, नाहीतर चुन्यानेही नक्षी बुजते. त्यासाठी मंदिरामागच्या हौदात चुना भिजत घातला आहे. मुलांना तिकडे जाऊ देऊ नये, डोळ्यांस अपाय होतो.

उत्तरेकडील शेवटच्या महिरपीचा डावा अर्धा भाग मुद्दाम हिरवाच ठेवला आहे. उजवीकडे पोपटाच्या पंखाची पिसे मोजता येतात. ज्यांची तक्रार आहे त्यांनी आज प्रसाद घेण्यापूर्वी तेथे पाच मिनिटे उभे राहावे, आणि त्यानंतरही रंग हवा असे वाटल्यास समितीकडे लेखी द्यावे. अर्ज मी स्वतः लिहून देईन.