आजी म्हणाली, ‘मातीच लागली नाही पोराला!’

 

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी आयटी सल्लागार आहे. एमबीए केलंय. गेली वीस वर्षं लोकांच्या सिस्टिम का बंद पडल्या याची कारणं शोधून देणं हा माझा धंदा. आज मात्र माझ्या घरातली एक गोष्ट सांगणार आहे, जिचं एकच एक कारण मला शोधता आलं नाही. आणि ते सापडत नाही हे मान्य केल्यावरच आमच्या घरात शांतता आली.

गोष्ट २०२२ सालची. माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. सकाळी शाळेच्या बसच्या वेळेला पोट दुखायचं. आम्हाला वाटलं परीक्षेची भीती. मग वाटलं कॅन्टीनचं खाणं. एप्रिलमध्ये घेतलेली शाळेची पँट पुढच्या एप्रिललाही बरोबर बसली, तेव्हा आम्ही हसून म्हणालो, बरं झालं, पैसे वाचले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. मुलाची उंची थांबली होती, वजन उतरत होतं, आणि आम्ही पँटचे दिरहम मोजत होतो.

पुढे तो रात्री झोपेतून उठून संडासला जायला लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. मग शौचाची कॅल्प्रोटेक्टिन नावाची तपासणी, मग भूल देऊन दुर्बिणीची. निदान झालं, क्रोन्सचा आजार. उपचार म्हणून सहा आठवडे फक्त दुधासारखं पोषक द्रव, बाकी काही नाही. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये ही पहिली उपचारपद्धत असते. त्यातच गणपती आले. मोदकाचं ताट समोर ठेवल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, वास घेतला तर चालेल ना?”

आता हा आजार काय, ते थोडक्यात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयबीडी म्हणतात. आयबीएस वेगळं, त्यात आतड्याला जखमा नसतात. आयबीडीत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यात दाह निर्माण करते. याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या थरात होतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातल्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. माझ्या भाषेत सांगायचं तर, अँटिव्हायरस आपल्याच फायलींना व्हायरस समजून खोडायला लागतो.

निदान झालं त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सगळं खानदान जमलं, आणि प्रत्येकाकडे कारण तयार होतं. वाईजवळच्या आमच्या गावाहून आई म्हणाली, “पोराला मातीच लागली नाही कधी. चौदाव्या मजल्यावर वाढवलंत.” पुण्याची आत्या म्हणाली, “पिझ्झा.” एक मित्र म्हणाला, “लहानपणी किती अँटिबायोटिक्स दिलीस, आठव.” मी गप्प होतो, कारण तेव्हा मी बाल्कनीत सिगरेट ओढायचो. आणि माझी बायको काहीच बोलली नाही. रात्री म्हणाली, “पंचेचाळीस दिवसांत मी कामावर गेले. डब्याचं दूध दिलं. माझ्यामुळेच झालं.”

इथल्या खाजगी नोकरीत तेव्हा बाळंतपणाची पूर्ण पगारी रजा पंचेचाळीस दिवसांचीच होती. २०२२ पासून ती साठ दिवसांची झाली, त्यातले शेवटचे पंधरा अर्ध्या पगारी. तुमच्यापैकी किती जणींनी ऑफिसच्या बाथरूममध्ये दूध काढून ठेवलं असेल, मला कल्पना आहे. तिच्या त्या एका वाक्यामुळे मी वाचायला बसलो. घरातला प्रत्येक आरोप घेतला आणि त्यामागे पुरावा किती आहे ते पाहिलं. तेच आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी आईचा आरोप, माती. याला शास्त्रात जागा आहे. डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकाने १९८९ मध्ये १७,४१४ मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांच्या ॲलर्जीचा त्रास कमी, असं त्याला दिसलं. त्यानं मांडलं की लहानपणी भावंडांकडून लागणारे संसर्ग प्रतिकारशक्तीला वळण लावत असावेत. पुढे हाच विचार आयबीडीलाही लावला गेला. वेल्लोरच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये क्रोन्सचे दोनशे रुग्ण आणि दोनशे इतर लोक यांची तुलना छापली. घराच्या आवारात गुरं असणाऱ्यांत आणि नेमानं मासे खाणाऱ्यांत हा आजार कमी दिसला. कॅनडातही, आयुष्याची पहिली पाच वर्षं ग्रामीण भागात गेलेल्यांत आयबीडी कमी आढळली.

हे ऐकून आई खूश झाली. पण थांबा. आशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात आशियाई लोकांमध्ये उलटं दिसलं. लहानपणी घरात गरम पाण्याचा नळ आणि फ्लशचा संडास असणाऱ्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस कमी. म्हणजे “स्वच्छता वाईट, घाण चांगली” असं सरळ गणित मांडताच येत नाही. पोटातल्या जंतांवरही प्रयोग झाले. डुकराच्या जंतांची अंडी रुग्णांना प्यायला दिली. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांनी आशा दाखवली, मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही.

ग्रॅहम रूक नावाच्या शास्त्रज्ञानं २००३ मध्ये या विचाराला “जुने मित्र” असं नवं नाव दिलं. मला ते जास्त पटतं. त्याचं म्हणणं असं, की माणसाच्या प्रतिकारशक्तीला गरज आहे ती रोगांची नव्हे, तर हजारो वर्षं सोबत राहिलेल्या जिवाणूंची. ते माती, जनावरं, झाडं आणि इतर माणसांकडून येतात. बाळाच्या आतड्यातली ही वस्ती साधारण पहिल्या तीनेक वर्षांत बसते. त्या काळात ती विरळ राहिली, तर पुढे प्रतिकारशक्ती मित्र-शत्रू ओळखायला चुकू शकते.

म्हणून हात धुणं सोडायचं नाही. गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला तो उगाच नाही. जुलाबानं आणि कॉलऱ्यानं गावंच्या गावं रडलेली आपल्या आज्यांनी पाहिली आहेत. जेवणाआधी, संडासहून आल्यावर, कच्चं चिकन हाताळल्यावर साबणानं हात धुवायचेच. पण बागेत खेळणाऱ्या मुलाच्या मागे सॅनिटायझर घेऊन दर दहा मिनिटांनी धावायची गरज नाही.

दुसरा आरोप, अँटिबायोटिक्स. डेन्मार्कमध्ये सुमारे ५ लाख ७७ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांना ही औषधं मिळाली त्यांच्यात क्रोन्सचं प्रमाण तिपटीहून जास्त दिसलं. ऐकायला भयंकर. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. मूळ धोका इतका लहान असतो की तिप्पट होऊनही तो लहानच राहतो. शिवाय निदान होण्याआधीच मुलाचं पोट बिघडत असेल आणि त्यासाठीच औषध दिलं असेल, तर कारण कुठलं आणि परिणाम कुठला? आशियाच्या त्या अभ्यासात तर अँटिबायोटिक्स घेतलेल्यांत आजार कमी होता. न्यूमोनिया झाला तर औषध द्यायचंच. फक्त साध्या सर्दीला, भारतातून बॅगेत आणलेली उरलेली पट्टी काढून देऊ नका.

तिसरा, आत्याचा पिझ्झा. यावर २०२१ मध्ये २१ देशांतल्या १ लाख १६ हजार प्रौढांचा अभ्यास आला. त्यात भारत आहे आणि आपलं अमिरातसुद्धा. कारखान्यात बनलेले, पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ दिवसाला पाच किंवा जास्त वेळा खाणाऱ्यांत आयबीडीचा धोका सुमारे ८२ टक्क्यांनी जास्त होता. तुलना होती दिवसाला एकाहून कमी वेळा खाणाऱ्यांशी. पदार्थ एकजीव ठेवणारी काही रसायनं उंदरांच्या आतड्यातला संरक्षक थर बिघडवतात, हेही प्रयोगात दिसलंय. आत्याचा मुद्दा म्हणजे वजनदार निघाला. पण एका पिझ्झानं कुणाला क्रोन्स होत नाही. रोजचा डबा काय, हा प्रश्न आहे.

चौथा, माझी सिगरेट. स्वतः ओढणाऱ्याला क्रोन्सचा धोका वाढतो आणि आजार बळावतो, हे पक्कं आहे. गंमत म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये उलटं दिसतं, तो सिगरेट सोडणाऱ्यांत जास्त होतो. पण म्हणून कुणी ती सुरू करू नये, फुप्फुसं आणि हृदय त्याची किंमत मोजतात. बापाच्या धुरामुळे मुलाला हा आजार होतो का, याला स्पष्ट पुरावा नाही. मी सिगरेट सोडली. घरातल्या मुलाला क्रोन्स असताना बाल्कनीत उभं राहून धूर सोडणं मला जमलं नाही.

आणि पाचवा, जो कुणी केला नव्हता, बायकोनं स्वतःवर केला होता. स्तनपानानं धोका कमी होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, आणि बारा महिन्यांहून जास्त पाजलं तर फायदा अधिक दिसतो. हे मी तिच्यापासून लपवलं नाही. पण हेही सांगितलं, की डब्याच्या दुधावर वाढलेली लाखो मुलं ठणठणीत आहेत आणि वर्षभर आईचं दूध प्यायलेल्यांनाही क्रोन्स होतो. हे आकडे हजारो मुलांच्या गर्दीबद्दल बोलतात. एका मुलाला कशामुळे झालं, हे ते सांगू शकत नाहीत. या आजाराशी संबंधित दोनशेहून जास्त जनुकीय जागा सापडल्या आहेत. त्या आम्ही दोघांनी मिळून त्याला दिल्या, न विचारता.

मग परदेशात आल्यामुळे झालं का? हा प्रश्न तुमच्याही मनात असेल. इंग्लंडच्या लेस्टरमध्ये १९९२ मध्ये छापलेल्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण तिथल्या गोऱ्यांच्या साधारण दुप्पट होतं. कॅनडात दिसलं, की स्थलांतर जितक्या लहान वयात, तितका धोका जास्त, दर दहा वर्षांमागे १४ टक्के. आणि दक्षिण आशियाई आईबापांच्या तिथं जन्मलेल्या मुलांत प्रमाण स्थानिकांइतकंच. जनुकं एका पिढीत बदलत नाहीत, म्हणजे भोवतालचा हात आहेच. पण गाव म्हणजे कवच असंही नाही. लुधियाना जिल्ह्यात घरोघरी केलेल्या, २००३ मध्ये छापलेल्या पाहणीत लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. भारतात क्रोन्स आणि आतड्याचा क्षयरोग एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे कित्येकांना आधी टीबीची औषधं दिली जातात.

हे सगळं मी पुढच्या रविवारी कॉलवर वाचून दाखवलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी सूनबाईला बोलले नव्हते रे. मी आपली मातीला बोलले.” आणि बायकोला म्हणाली, “तू तुझ्या वेळेला जमेल ते केलंस. मी माझ्या वेळेला केलं. माझा एक गेलाच की जुलाबानं.” माझा एक भाऊ मी जन्मायच्या आधी गेला, हे मला माहीत होतं. कशानं गेला, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गोठा होता, माती होती, भावंडं होती. साबण आणि स्वच्छ पाणी नव्हतं.

मंडळी, एवढंच सांगायला मी आलो. मुलाला वारंवार पोटदुखी, रात्री उठवणारे जुलाब, शौचातून रक्त, गुदद्वाराजवळ जखमा, तोंडात पुन्हा पुन्हा फोड, किंवा वाढ थांबणं, यातलं काही दिसलं तर परीक्षेचा ताण म्हणून सोडू नका. दर सहा महिन्यांनी दारामागे उंचीची खूण करा. लहान असेल तर उन्हाळ्यात गावी न्या, गोठ्यात जाऊ द्या, पण पाणी उकळून द्या. इथं थंडीत बागेत सोडा. डब्यात भाकरी, उसळ, भाज्या जाऊ द्या. आणि निदान झालंच, तर कुणाच्या सांगण्यावरून औषध बंद करून मुलाला गावच्या मातीत लोळवायला पाठवू नका. धोका कमी करण्याच्या गोष्टी वेगळ्या, झालेल्या आजाराचा उपचार वेगळा. आम्हालाही असा सल्ला मिळाला होता. आम्ही नम्रपणे नाही म्हणालो.

मुलगा आता बरा आहे. औषधं चालू आहेत. पँट दर वर्षी नवी घ्यावी लागते, आणि ते पैसे मी आनंदानं देतो. गेल्या गणपतीत त्यानं पाच मोदक खाल्ले. सहावा आजीनं कॉलवरून दटावून खायला लावला.