ज्वारीच्या मुलखात तांदूळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



तांदूळ, तांदळाची पिठी आणि त्यांपासून होणारे पदार्थ, असा विषय मला देण्यात आला आहे. हाच विषय कोकणातल्या एखाद्या मंडळात कोणी मांडला असता, तर तिथल्या बायका गालात हसल्या असत्या. ज्यांचा जन्म भातावर गेला त्यांना तांदूळ काय शिकवायचा? आपली गोष्ट वेगळी आहे. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा, तुरीचा आणि ज्वारीचा. आपल्याकडे जेवण म्हणजे भाकर आणि सोबत वरण, भाजी किंवा झुणका. भात व्हायचा तो सणावाराला, पंगतीला, नाहीतर आजाऱ्यासाठी मऊ करून. तांदूळ यायचा भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीतून. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्यातले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवड करीत ‘एचएमटी’ हे बारीक तांदळाचे वाण तयार केले. ते २०१८ साली वारले. पण आपल्यापैकी कितीतरी घरी पाहुण्यांसाठी आजही तोच तांदूळ शिजतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र चित्र पालटले आहे. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळू लागले. २०१५ मध्ये राज्यातील शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही स्वस्त धान्य सुरू झाले. त्यांत आपला जिल्हा होता. पुढे २०२३ मध्ये त्या धान्याऐवजी रोख रक्कम देण्याचे ठरले. त्याच वर्षाच्या जानेवारीपासून कायद्याखालचे धान्य मोफत झाले. इकडे शेतात सोयाबीन आणि कापूस वाढला, ज्वारीचे क्षेत्र घटले. घरची ज्वारी संपली आणि विकतची महाग झाली. म्हणजे ज्या घरात भात हा पाहुणा होता, तिथे तांदळाची पिशवी मुक्कामाला आली आणि घरधनीण असलेली भाकर मात्र पाहुणी झाली.

मग या तांदळाचे होते काय? पुष्कळ घरांत तो नावडता होतो. ‘भाताने पोट भरत नाही, दोन तासांत पुन्हा भूक लागते,’ असे शेतावर राबणारी माणसे म्हणतात आणि ते खोटे नाही. मग दारावर येणाऱ्याला तो तांदूळ चार पैशांत जातो आणि त्याच पैशांत मुलांसाठी मैद्याच्या बिस्किटांचे पुडे येतात. भगिनींनो, हा व्यवहार कोणत्याही हिशोबाने तोट्याचा आहे. तांदूळ नुसता भात करून खाण्यासाठीच असतो, ही समजूत सोडली तर तो तोटा थांबेल.

आधी एक भीती दूर करते. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, धुताना वर तरंगतात, आणि ‘प्लास्टिकचे तांदूळ आले’ अशी आवई उठते. हे दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून ते यंत्रातून दाण्याच्या आकाराचे काढतात आणि साधारण १०० किलो तांदळात १ किलो मिसळतात. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी ही योजना जाहीर झाली आणि २०२४ पर्यंत असा तांदूळ सर्वत्र पोचला. तुमच्या पिशवीत असे दाणे आले तर निवडून फेकू नका. तांदूळ चोळचोळून धुऊ नका. बेताच्या पाण्यात शिजवा, पेज ओतून देऊ नका. घरात सिकलसेल किंवा थॅलॅसेमियाचा रोगी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावे. आपल्या भागात सिकलसेल आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता पिठाकडे वळू. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यात चिवट, रबरासारखी ताणणारी प्रथिने तयार होतात. त्यांना ग्लूटेन म्हणतात. नागपूरकडे हातावर झेलून लांबवलेले आणि पालथ्या मडक्यावर भाजलेले मांडे होतात, ते या चिवटपणाच्या जोरावर. पाव आणि केक फुगतो तोही त्यामुळेच. आतली हवा ही प्रथिने धरून ठेवतात. तांदळात ग्लूटेन नाही. म्हणून तांदळाची पोळी लाटताना चिरते आणि नुसत्या पिठीचा केक भुसभुशीत होऊन ढासळतो.

पण यात आपण घाबरण्याजोगे काय आहे? ज्वारीतही ग्लूटेन नाही! जुन्या ज्वारीची भाकर थापताना तुटू लागली की आपण पिठात कढत पाणी घालतो. गरम पाण्याने पिठातील स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ बांधले जाते. कोकणातली तांदळाची उकड याच नियमावर चालते. म्हणजे ज्वारीची भाकर थापणारा हात तांदळाच्या पिठीला परका नाही.

एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप हे प्रमाण धरा. पाणी उकळले की पिठी घालून ढवळा, झाकण ठेवून दोन वाफा आणा आणि उतरवून हाताला सोसेल तितकी गरम असतानाच खूप मळा. पिठी जुन्या तांदळाची असेल तर पाणी थोडे जास्त लागते. या उकडीची भाकर होते, मोदक होतात, शेवया पाडता येतात. नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून तो पिठीला बरा. जुना मोकळा शिजतो, म्हणून तो भाताला आणि मसालेभाताला बरा.

पिठी दोन प्रकारे करतात. तांदूळ धुऊन वाळवून दळला की साधी पिठी होते. दोन-तीन तास भिजवून, निथळून, सावलीत किंचित ओलसर राहील इतका सुकवून दळला तर पिठी फार मऊ होते. भिजलेला दाणा सहज फुटतो. केक, नानकटाई आणि मोदक यांना ही दुसरी पिठी घ्यावी. अनारशाचा तांदूळ तर आपण तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवतोच. गव्हाचा कणही नसलेला हा पदार्थ अधिक महिन्यात जावयाच्या ताटात मानाने बसतो, हे लक्षात असू द्या.

रेशनच्या जाड तांदळाचे आणखी उपयोग थोडक्यात सांगते. तो भरड दळला की इडलीचा रवा झाला. दोन भाग तांदूळ, एक भाग ज्वारी आणि एक भाग उडीद डाळ भिजवून वाटली तर इडल्या होतात आणि पोटही धरते. झाडीपट्टीत करतात तसे पातळ पिठाचे आयते तव्यावर घाला. भज्यांच्या चण्याच्या पिठात दोन चमचे पिठी घातली की भजी कुरकुरीत राहतात. उन्हाळ्यात तांदळाच्या पापड्या घाला. गव्हाच्या कुरडयांइतक्याच त्या वर्षभर टिकतात.

नानकटाईसाठी दीड वाटी कोरडे पीठ घ्यावे. त्यांतील एक वाटी पिठी आणि अर्धी वाटी चण्याचे पीठ. अर्धी वाटी घट्ट तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर फेसून त्यात हे मिसळावे, वेलची घालावी, गोळा अर्धा तास थंड जागी ठेवावा. पीठ फारच सुटे वाटले तर चमचाभर तूप वाढवावे. मंद आचेवर वीस मिनिटे भाजावी आणि गार होईपर्यंत हात लावू नये. गरम असताना ती मोडते, गार झाल्यावर धरते.

केकला ग्लूटेनचे काम दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावे लागते. अंडे चालत असेल तर प्रश्न नाही. चालत नसेल तर आपल्याच शेतातले जवस आहे : एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते. दीड वाटी पिठी, पाव वाटी साबुदाण्याचे पीठ, एक वाटी दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, भिजवलेले जवस आणि एक कुस्करलेले पिकले केळ एकत्र करा. घट्ट वाटल्यास थोडे दूध घाला. हे अर्धा तास तसेच ठेवा. पिठीला पाणी पिण्यास वेळ लागतो. घाई केली तर केक दाताखाली कचकचतो. शेवटी एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून लगेच भाजायला ठेवा. भट्टी नसली तरी अडत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा किंवा वाळूचा थर, त्यावर जाळी, त्यावर डबा, वर घट्ट झाकण. पातेले आधी दहा मिनिटे तापवून मग मंद आचेवर चाळीस ते पन्नास मिनिटे ठेवावे. सुई कोरडी निघाली की झाला.

इथे कोणी म्हणेल, ‘गव्हाचा केक सोपा असताना ही यातायात कशाला?’ याचे खरे उत्तर आता देते. काही माणसांना गहू सोसत नाही. सोसत नाही म्हणजे आवडत नाही असे नव्हे. गव्हातील ग्लूटेनमुळे त्यांच्या आतड्याचे अस्तर झिजते, अन्न अंगी लागत नाही. याला सीलिएक रोग म्हणतात. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी अशा मुलांचा गहू बंद करून, ती सुधारतात हे पाहिले आणि १९५० मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्याआधी अशी मुले वर्षानुवर्षे खंगत आणि कारण कळत नसे. आपल्याकडे अजूनही मूल वाढत नाही, पोट फुगते, जुलाब थांबत नाहीत, रक्त वाढत नाही, तरी ‘नजर लागली’, ‘जंत झाले’ यावरच दिवस जातात. अशी शंका आली तर रक्ताची तपासणी होते. पण तपासणीपूर्वी आपल्या मनाने गहू बंद करू नये. बंद केला तर रोग असूनही तपासणीत दिसत नाही.

निदान झाले की गहू, जव आणि त्यांचे सर्व प्रकार, म्हणजे रवा, मैदा, दलिया, शेवया, जन्मभर वर्ज्य. हिंगाच्या डबीतही बहुधा गव्हाचे पीठ असते, ते वाचून घ्यावे. गिरणीचा प्रश्न तर फार मोठा. आधीच्या बाईचा गहू जात्याच्या पाळ्यांत उरलेला असतो आणि त्यावर आपले तांदूळ पडतात. निरोग्याला त्याचे काही नाही. त्या मुलाला तेवढे पुरेसे असते. अशा घरी पीठ घरच्या छोट्या चक्कीवर किंवा मिक्सरवर दळावे आणि तवा, पोळपाट, चाळणी वेगळी ठेवावी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सर्वांसाठी. शिजवलेला भात आपल्या उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर ठेवू नये. त्यात जंतू वाढतात आणि त्यांचे विष फोडणी दिल्याने जात नाही. उरलेला भात लवकर पसरून गार करून थंड जागी ठेवावा. तसेच उपवासाच्या भगरीचे तयार सुटे पीठ जुने असेल तर बुरशीने विषबाधा होते. भगर निवडून, धुऊन, लागेल तेवढीच घरी दळावी.

एवढे सांगूनही तांदूळ हा ज्वारीची जागा घेतो असे मी म्हणणार नाही. पॉलिश केलेल्या तांदळात कोंडा नाही, प्रथिनेही कमी. म्हणून त्याला एकटा सोडू नका. तुरीचे, मुगाचे वरण सोबत असू द्या; तांदळात जे उणे ते डाळीत आहे. ताटात लिंबाची फोड असली तर लोह अंगी लागते; जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी भात मोजूनच घ्यावा. आणि जिला शक्य आहे तिने शेताच्या धुऱ्याला चार ओळी तरी ज्वारीच्या पेराव्यात.

मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, आपल्या भागातील गिरणीवाल्या भाऊंना भेटून आठवड्यातील एका सकाळी, पाळ्या झाडून, गव्हाआधी फक्त तांदूळ आणि ज्वारी दळण्याची विनंती करावी. याने सीलिएकच्या मुलाची पूर्ण सोय होणार नाही; पण गिरणी झाडण्याची सवय लागेल आणि आपल्या सर्वांचे पीठ स्वच्छ येईल. दुसरी, हळदीकुंकू असो की मुलांचा खाऊ, आपल्या कार्यक्रमात एक ताट बिनगव्हाच्या पदार्थांचे, वेगळे झाकून आणि वेगळ्या चमच्यासह ठेवावे. सगळी मुले खात असताना एकाच मुलाला आईने ‘तू नको खाऊ’ म्हणावे, याहून कठीण गोष्ट त्या आईला दुसरी नसते. तेवढी एक गोष्ट तरी आपल्या मंडळात होऊ नये.

नानकटाई करून आणली आहे. ती पूर्ण तांदळाची आणि चण्याची आहे. चाखून पाहा, आणि कमी-जास्त काय ते मोकळेपणी सांगा.