बेनापोलचं फाटक आणि यार्डातली पाटी

(सोलापुरात तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय जाहीर झाला तेव्हा मागं बसलेली काही पोरं हसली. भारत-बांगलादेश संबंध! वस्तीतल्या गटारीचं काय ते बोला म्हणाली. गटारीचं बोलूच, ते चुकणार नाही. पण परराष्ट्र धोरण म्हणजे कोटावर गुलाब लावणाऱ्यांचं काम, आपलं नव्हे, हे कोणी शिकवलं आपल्याला? बाबासाहेबांनी तर नाही. १९५१ च्या ऑक्टोबरात त्यांनी मंत्रिपदाच्या राजीनाम्याची कारणं देशापुढं ठेवली, त्यात हिंदू कोड बिल होतं हे सगळ्यांना पाठ आहे. त्यात परराष्ट्र धोरणही होतं हे मात्र आपण विसरतो. देशाचा वर्षाचा महसूल साडेतीनशे कोटी आणि त्यातले १८० कोटी लष्करावर, असा रोकडा हिशेब त्यांनी मांडला. भरवशाचा मित्र जोडला नाही म्हणून हा बोजा आपल्याच डोक्यावर, असं त्यांचं म्हणणं. पूर्व बंगालचा सवालही त्यात होता.

आणि पूर्व बंगाल आपल्याला परका कसा? १९४६ साली घटना समितीत जायला बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून वाट नव्हती. प्रस्थापितांनी दारं लावून घेतली होती. तेव्हा बंगालच्या विधिमंडळातून त्यांना निवडून दिलं ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमशूद्र साथींनी. आज बोलताना आपण जेसोर-खुलनाचं नाव घेतो. फाळणीत तो मुलूख पलीकडं गेला, बाबासाहेबांची जागा गेली, मग १९४७ च्या जुलैत त्यांना मुंबईतून पुन्हा निवडून यावं लागलं. मंडल पाकिस्तानचे कायदा व कामगार मंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन हिंदुस्थानात परतले. तिथल्या दलितांचे हाल बघून परतले.

आता ऐका. आपल्याकडचा कांद्याचा ट्रक पेट्रापोलच्या फाटकातून पलीकडं जातो, ते पलीकडचं गाव बेनापोल. बेनापोल जेसोर जिल्ह्यात आहे.

यार्डात काम करणाऱ्यांना सांगायला नको, हंगामात सिद्धेश्वर बाजार समितीत शेकड्यांनी ट्रक उभे असतात. रात्रभर खाली होतात. गोणी पाठीवर घेणारा कोण? बहुतेक आपला. खाली बसून पाटीत कांदा निवडणारी, सडका बाजूला, गोल्टी बाजूला करणारी बाई कोण? आपली. त्याआधी शेतात रोप लावणारी, खुरपणारी, पात कापणारी कोण? तीही आपलीच, कारण सातबारा आपल्या नावावर नाही. माझ्या आत्याची बोटं कांद्यानं कायमची काळी झालेली मी बघितली आहेत.

कोणी म्हणेल, सोलापूरचा कांदा जास्त करून हैदराबाद, बंगळूर, चेन्नईकडं जातो, बांगलादेशाला जातो तो नाशिकचा. बरोबर आहे. पण बेनापोलचं फाटक लागलं की नाशिकचा माल समुद्रात पडत नाही. तोच ट्रक वळतो आणि हैदराबादच्या बाजारात आपल्या मालापुढं उभा राहतो. मग तिथला व्यापारी आपल्याला भाव पाडून मागतो. दुसरी गोष्ट, नाशिकचा उन्हाळी कांदा चाळीत महिनोन् महिने टिकतो. आपला लाल कांदा टिकत नाही. काढला की विकायचा, नाहीतर उकिरड्यावर टाकायचा. म्हणून दिल्लीतला एक कागद आपल्याला जितका लागतो तितका कोणाला लागत नाही.

आणि कागद तरी किती! २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यात बंद. मार्च २०२० मध्ये उघडली. सप्टेंबर २०२० मध्ये परत बंद, जानेवारी २०२१ मध्ये उघडली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क. ८ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे आपल्या लाल कांद्याच्या ऐन भरात, सरसकट बंदी. ती मे २०२४ पर्यंत चालली, मतदानाच्या गडबडीत उठली, तरी शुल्क राहिलंच. ते पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. शहरातल्या पांढरपेशाची भाजी महागू नये म्हणून हा खेळ. त्याची भाजी स्वस्त झाली पाहिजे, माझीही झाली पाहिजे. पण तिची किंमत कोण भरतो हे विचारायचं की नाही?

शेजाऱ्यालाही विचारलं नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा हसत हसत म्हणाल्या, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. मी तर स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. सभागृह हसलं. ढाक्यात किलोला दोनशे टक्क्यांवर भाव गेला तेव्हा रिक्षावाला हसला नसेल. त्यांनी तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमारचा कांदा आणला. आपल्या फरीदपूर-पाबन्याच्या शेतकऱ्याला जास्त पिकवायला लावलं. ५ ऑगस्ट २०२४ ला हसीना पळाल्या, दोन्ही सरकारांचं बिनसलं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांतून आपलं सूत बंद केलं, मे मध्ये आपण त्यांचे तयार कपडे. आणि २०२५ चं बरंचसं वर्ष त्यांनी कांद्याचे आयात परवानेच रोखून धरले. म्हणजे आपण फाटक उघडलं तेव्हा त्यांनी लावून घेतलं! गिऱ्हाईक एकदा हाकललं की ते दुसरं दुकान शोधणारच. हे पानपट्टीवाल्याला कळतं, मंत्रालयाला कळत नाही.

दिल्लीला मनात आलं की मात्र सगळं जमतं. बंदी चालू असतानाच मार्च २०२४ मध्ये बांगलादेशाला ५०,००० टन कांदा देण्याची परवानगी सरकारनं काढली. सरकार ते सरकार. म्हणजे मैत्री आहे, पण ती वरच्या वर आहे.

भाव पडला की यार्डात काय होतं? २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून, भाडं-हमाली-तोलाई वजा जाता, २ रुपयांचा चेक मिळाला. देशभर गाजलं ते, गाजायलाच पाहिजे होतं. पण त्यानंतर चहाच्या टपरीवर काय ऐकलं मी? हमाल लुटतात म्हणे! हमालानं गोणी उचलली नव्हती का? शेतकरी हमालावर उखडतो, हमाल शेतकऱ्यावर, आणि ज्यानं धोरण केलं तो दोघांच्याही आवाक्यात नाही. आवक थांबली की हमालाची हजेरी जाते, बाईची पाटी जाते. त्या दिवसाची नुकसानभरपाई कोण मागतं? शेतकऱ्याच्या अनुदानाची निदान मागणी तरी होते. तिच्या हजेरीचा कागदच नाही तर मागणार कशाच्या जोरावर?

आणखी एक. आता आपली पोरंसुद्धा ‘बांगलादेशी हाकला’ म्हणून ओरडायला लागलीत. जरा थांबा. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई-ठाण्याकडून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडं ढकललं, मग आपलेच निघाले म्हणून परत आणावं लागलं. कागद नाही, भाषा वेगळी, हातात कामाचे घट्टे, एवढ्यावर माणूस परदेशी ठरतो. आपल्या किती म्हाताऱ्यांकडं जन्माचा दाखला आहे? गडचिरोलीत मुलचेऱ्याकडं पूर्व बंगालचे निर्वासित पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यात नमशूद्र आहेत. ज्यांच्या आजोबांच्या पिढीनं बाबासाहेबांना घटना समितीत धाडलं त्यांच्या नातवाला शिवी देताना जीभ अडखळली पाहिजे.

आता काम. १९६९ चा माथाडी कायदा आपल्या राज्यात आहे. भाजीबाजारातल्या चढउतारीबरोबर माल निवडणं, साफ करणं ही कामंही त्याच्या अनुसूचीत येतात. मग निवडणाऱ्या बाईचं नाव मंडळाच्या रजिस्टरात का नाही? नाव चढलं तर लेव्ही येईल, सुट्टी येईल, आणि पुढच्या बंदीच्या दिवशी बुडालेल्या हजेरीचा दावा करायला कागद हातात राहील. दुसरी मागणी बाजार समितीपुढं ठेवायची: बंदीमुळं व्यवहार थांबला तर यार्डातल्या कामगाराला निम्मी तरी मजुरी मिळाली पाहिजे. समिती कमावते ती त्याच गोणीवर. ते नाही म्हणतील. तेव्हा काय करायचं ते यार्डातच बसून ठरवू.

आधी याद्या करायच्या आहेत. सोमवारी पहाटे, गाड्या खाली व्हायच्या वेळेला, कांदा शेडपाशी या. नाव, वय, गाव, किती वर्षं काम, आणि कोणत्या अडत्याकडं, एवढं लिहायचं. बायांशी बायांनीच बोललेलं बरं, तेव्हा बहिणींना घेऊन या. वह्या आम्ही आणतो.