वक्ता घडविताना

(शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



वक्तृत्व स्पर्धा जवळ आली की मराठी शाळांत एक परिचित लगबग सुरू होते. शिक्षक भाषण लिहून देतात, पालक ते पाठ करून घेतात. हात कोठे उचलायचा, आवाज कोठे चढवायचा, हेही ठरते. व्यासपीठावर एक वाक्य निसटते आणि मूल छताकडे पाहत उभे राहते. ते विसरले, असे म्हटले जाते. वास्तविक सांगायचे काय होते, हेच त्याला कधी उमगलेले नसते. बृहन्महाराष्ट्रातील शाळेत तर घराबाहेर हिंदी, गुजराती वा कन्नड बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी ग्रांथिक मराठी घातली जाते, आणि ते अडखळले की ‘याला मराठी झेपत नाही’ असा निष्कर्ष निघतो. अशी कित्येक मुले पुढे चारचौघांत मराठी बोलतच नाहीत.

याउलट एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. 1897 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी लंडनमध्ये साक्ष दिली. वय अवघे तीस. त्यांच्या तयारीमागे न्यायमूर्ती रानडे होते, आणि त्यांच्याइतकेच गणेश व्यंकटेश जोशीही होते. हे जोशी सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक. (शिक्षकांच्या मेळाव्यात हे नाव अधिक वेळा निघावयास हवे.) सरकारी नोकरीमुळे त्यांचे अर्थविषयक लेख सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात निनावी छापले जात. स्वतःला उघडपणे जे बोलता येत नव्हते, त्यासाठी त्यांनी दुसऱ्याला सिद्ध केले.

साक्षीत पाठांतराचा उपयोग नसतो. लेखी निवेदन कितीही रेखीव असो, उलटतपासणीत प्रश्नांचा क्रम साक्षीदाराच्या हाती राहत नाही. आकडा कोठून आला, त्याचा अर्थ काय, विरुद्ध पक्षाचे म्हणणे काय, हे आतून पक्के असेल तरच उत्तर देता येते. गोखल्यांना मिळालेली शिदोरी ती होती. 1902 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. तिजोरीतील शिल्लक ही रयतेच्या भरभराटीची खूण नव्हे, दुष्काळाने पिचलेल्यांकडून कर अधिक घेतला जात आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. रानडे तेव्हा हयात नव्हते.

आवाजाचा प्रश्न निराळा आहे, आणि त्याला वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले जाते. 1896 मध्ये मुंबईच्या सभेत दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची कैफियत मांडताना गांधीजींचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचेना. अखेर ते लेखी भाषण दिनशा वाच्छांनी वाचून दाखविले. भाषण लिहूनच आणावे, हा सल्ला फिरोजशहा मेहतांचा होता, म्हणून निदान कैफियत तरी श्रोत्यांपर्यंत गेली. पुढे लाखोंच्या सभांतही गांधीजी गरजले नाहीत. बोलण्यातील संकोचामुळे आपण शब्द जपून वापरण्यास शिकलो, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. त्यांना कोणी हातवारे शिकविले असते तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

तेव्हा वर्गात काय करावे? प्रथम लेखणी खाली ठेवावी. विषय दिल्यावर मुलाला त्यातले जे ठाऊक आहे ते बोलू द्यावे. मध्ये हिंदी शब्द आला तर तेथेच थांबवू नये, मराठी शब्द नंतर शोधता येतो. मग प्रश्न विचारावेत: हे कशावरून? तू पाहिलेस का? कोणी नाही म्हटले तर? उत्तरे देता देता भाषण तयार होते आणि ते त्याचे स्वतःचे असते. सरावाच्या वेळी शिक्षकाने शेवटच्या बाकावर बसावे. ऐकू येत नसेल तर हात वर करावा, एवढीच सूचना पुरे. चुका बोलणे संपल्यावर सांगाव्यात, आणि एका वेळी एकच. भाषणाचा कागद घरी नेऊ देऊ नये, म्हणजे पालकांच्या हातून त्यात अलंकार भरले जाणार नाहीत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र पालकांनी एक करावे: आजीला समोर बसवून मुलाला तोच विषय तिला समजावून सांगण्यास सांगावे, आणि आजीला मध्येच हवे ते विचारू द्यावे.